गोल करवतीची आरागिरणी

गोल करवतीची आरागिरणी ही लाकडाचे ओंडके चिरून त्यांच्या फळ्या, वासे, तुळया व रिपा तयार करणारी लहान गिरणी होय. तीत कडेला दात असलेली पोलादी चकती आडव्या दांड्यावर वेगाने फिरते आणि ओंडका तिच्याकडे सरळ रेषेत ढकलला जातो. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यासारख्या डोंगराळ भागात अशा गिरणीकडे येणारे लाकूड प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीवरील, बांधावरील व परसातील झाडांचे असते. एका ओंडक्यातून उपयोगी लाकूड किती निघेल आणि भुशात किती जाईल, हे करवतीच्या जाडीवर व चिरणाऱ्याच्या कौशल्यावर ठरते. झाड विकणाऱ्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावाशी या गोष्टीचा थेट संबंध येतो.

नाव

'करवत' हा शब्द संस्कृत 'करपत्र' यावरून आला आहे. मोठ्या करवतीला 'आरा' म्हणतात व त्यावरून 'आरागिरणी' हा शब्द रूढ झाला. वनखात्याच्या कागदपत्रांत हाच शब्द आढळतो. बोलण्यात मात्र 'सॉ मिल' अधिक ऐकू येते. 'वखार' हा शब्द मुळात लाकूड साठवण्याच्या व विकण्याच्या जागेसाठी आहे. वखार व गिरणी पुष्कळदा एकाच आवारात असल्याने दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोहोंत फरक आहे.

पूर्वपीठिका

यंत्रे येण्यापूर्वी ओंडका चिरण्याचे काम दोन माणसांची जोडी करीत असे. ओंडका उंच घोडीवर किंवा खड्ड्यावर आडवा ठेवून एकजण वर व दुसरा खाली उभा राही. रंगात बुडवलेले सूत ताणून ओंडक्यावर रेघ उमटवली जाई आणि त्या रेघेवरून लांब करवत वरखाली ओढली जाई. खालच्या माणसाच्या डोळ्यांत व नाकातोंडात दिवसभर भुसा पडे. रेघ सांभाळण्याची जबाबदारी वरच्याची असल्याने अनुभवी माणूस वर उभा राहत असे.

चकतीच्या आकाराच्या करवतीचा उल्लेख इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलर याला १७७७ साली मिळालेल्या पेटंटमध्ये येतो. वाफेच्या व पुढे तेलाच्या इंजिनांमुळे ही करवत जंगलाजवळ नेणे शक्य झाले. वीज पोहोचल्यावर इंजिनाची जागा मोटारीने घेतली.

पाटण तालुक्यातील लाकूड

पाटण हे कोयना व केरा या नद्यांच्या संगमावरील गाव असून कराडहून कुंभार्ली घाटमार्गे चिपळूणला जाणारा रस्ता येथून जातो. तालुक्याच्या पश्चिम भागात अतिवृष्टीचा सह्याद्री आहे. कोयना वन्यजीव अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. २०१० मध्ये कोयना व चांदोली ही क्षेत्रे मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. या संरक्षित क्षेत्रातील लाकूड तोडता येत नाही. त्यामुळे गिरणीचा सारा व्यवहार मालकीच्या झाडांवर अवलंबून आहे.

चिरणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा असतो. ऐन जड व कठीण असून करवतीची धार लवकर घालवतो. किंजळ घरबांधणीत खांब व तुळयांसाठी वापरला जातो. जांभळाचे लाकूड पाण्यात टिकते, म्हणून विहिरीच्या तळाशी ते घालण्याची रीत होती. आंबा चिरायला सोपा, पण तोडल्यावर पावसाळी हवेत पडून राहिला तर त्यावर बुरशीचे काळसर डाग पडतात व कीड लागते. तो लगेच चिरावा लागतो. फणसाचे पिवळे लाकूड दारे-खिडक्यांसाठी पसंत केले जाते.

खरा ओक वृक्ष महाराष्ट्रात नैसर्गिकरीत्या उगवत नाही. भारतात त्याच्या जाती मुख्यतः हिमालयात व ईशान्येकडे आढळतात. घाटमाथ्यावर व रस्त्यांच्या कडेला दिसणारा 'सिल्व्हर ओक' हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, वेगळ्याच कुळातील वृक्ष आहे. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी तो भारतात आणला गेला. त्याच्या लाकडात गाभ्यापासून सालीकडे जाणारे रुंद किरण असतात. ओंडका या किरणांना समांतर चिरला की फळीवर ओकसारखी चमकदार नक्षी उमटते व त्याच्या नावातील 'ओक' हा शब्द त्यावरून आला. आडवातिडवा चिरल्यास ही नक्षी दिसत नाही आणि तेच लाकूड खोक्यांच्या भावाने जाते.

रचना व कार्यपद्धती

चकती, तिचा दांडा, पट्ट्याने जोडलेली मोटार, टेबल आणि रुळांवरून सरकणारी ट्रॉली एवढे भाग असले की लहान गिरणी उभी राहते. ९० सेंटिमीटर व्यासाची चकती मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर तिच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटर होतो.

चकती मधोमध लोखंडी कॉलरमध्ये पकडलेली असल्याने तिची पूर्ण त्रिज्या कापण्यास मिळत नाही. कॉलरचा व्यास १५ सेंटिमीटर धरल्यास वरील चकती फार तर ३७ सेंटिमीटर खोल कापू शकते. त्याहून जाड ओंडका उलटवून दोन्ही बाजूंनी चिरावा लागतो आणि दोन काप नेमके जुळले नाहीत तर फळीवर पायरी राहते. जाड ओंडके म्हणूनच पट्टा करवतीवर, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या अखंड पात्याच्या यंत्रावर दिले जातात.

कामाची सुरुवात ओंडका तपासण्यापासून होते. बांधावरच्या व रस्त्याकडेच्या झाडांत खिळे, तारा, कुंपणाचे तुकडे खोल रुतलेले असतात. सालीवरचा निळसर-काळा डाग ही लोखंडाची खूण मानतात. नंतर ओंडका ट्रॉलीवर घट्ट बसवून सालीकडची पहिली गोल पाठ काढली जाते. सपाट झालेली बाजू खाली घेऊन दुसरी पाठ काढतात व चौकोनी ठोकळा झाल्यावर हव्या त्या मापाच्या फळ्या पाडतात. पहिला काप कोणत्या बाजूने घ्यायचा, यावर पुढचे सारे अवलंबून असते. वाकडा ओंडका, गाठी, गाभ्यातील भेग पाहून हा निर्णय काही क्षणांत करावा लागतो. हे ज्ञान पुस्तकातून क्वचितच मिळते.

चकती लाकडात अडकू नये म्हणून तिचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे काप पात्याहून रुंद होतो. दात कानशीने किंवा सहाणेच्या चाकाने परजले जातात. बोथट दात लाकूड कापण्याऐवजी घासतात. पाते तापते, कडेला प्रसरण पावून लहरते आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते.

घट आणि मोजणी

गोल करवतीचा मोठा दोष तिच्या कापाच्या रुंदीत आहे. २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या पाडताना काप ६ मिलिमीटरचा असेल, तर प्रत्येक ३१ मिलिमीटरमधील ६, म्हणजे सुमारे १९ टक्के लाकूड भुशात जाते. पट्टा करवतीचा काप अडीच मिलिमीटर धरल्यास हेच प्रमाण सुमारे ९ टक्के पडते. फळी जितकी पातळ, तितकी ही तफावत वाढते. स्वस्त यंत्र, सोपी देखभाल आणि बारीक ओंडक्यांवरचा वेग या कारणांनी गोल करवत तरीही टिकून आहे.

ओंडक्याची मोजणी करताना मध्यावरचा घेर घेऊन त्याच्या चौथ्या भागाचा वर्ग करतात व त्याला लांबीने गुणतात. ४ फूट घेराचा व ८ फूट लांबीचा ओंडका या रीतीने ८ घनफूट भरतो. भूमितीने काढलेले त्याचे घनफळ मात्र सुमारे १०.२ घनफूट असते. म्हणजे सुमारे साडेएकवीस टक्के लाकूड मोजणीतच वगळले जाते. साल, गोल पाठी व भुसा यांची घट यात धरलेली असते, असे या पद्धतीचे समर्थन केले जाते. पण घटीच्या नावाखाली हिशेबातून आणखी वजावट झाली तर एकाच घटीची किंमत शेतकरी दोनदा मोजतो. साल काढून घेर मोजला की सालीसकट, हेही सौद्यापूर्वी ठरलेले असणे त्याच्या हिताचे असते.

कायदा व परवाने

खासगी जमिनीवरील झाडांनाही १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, खैर इत्यादी झाडे आहेत. सिल्व्हर ओक नाही. अनुसूचीतील झाड तोडण्यासाठी सातबाऱ्यासह अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. तोडलेल्या मालाच्या वाहतुकीसाठी भारतीय वन अधिनियम, १९२७ खालील नियमांनुसार पास लागतो. ओंडक्यावर उमटवलेला हातोड्याचा शिक्का हा माल वैध असल्याचा पुरावा होय. एकदा फळ्या पडल्या की शिक्का भुशात जातो आणि चोरीचे लाकूड व मालकीचे लाकूड वेगळे ओळखणे अवघड होते. वनसंरक्षणाच्या दृष्टीने गिरणीवर इतका कडक पहारा का, याचे उत्तर येथे मिळते.

टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने वनक्षेत्रातील विनापरवानगी आरागिरण्या बंद झाल्या. ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने नव्या गिरण्यांना केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या संमतीची अट आली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे काम राज्यस्तरीय समित्यांकडे सोपवले. अधिसूचित वन किंवा संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत, औद्योगिक वसाहती व नगरपालिका क्षेत्रे वगळता, नव्या लाकूड-आधारित उद्योगास परवाना देऊ नये असे त्यांत म्हटले आहे. पाटणसारख्या तालुक्यात वनक्षेत्र ठिकठिकाणी असल्याने नव्या गिरणीला फारशी जागा उरत नाही. बांधावर झाडे लावा असे शेतकऱ्याला सांगितले जाते, पण ती चिरायला त्याला दूर जावे लागते व वाहतुकीचा खर्च त्याच्याच भावातून कापला जातो.

अपघात व आरोग्य

गोल करवतीवरील सर्वांत धोकादायक प्रसंग म्हणजे लाकडाची उलटफेक. चिरत असलेली फळी आतील ताणामुळे मागे मिटते, पात्याचा मागचा भाग पकडते आणि क्षणार्धात चालकाकडे भिरकावली जाते. हे टाळण्यासाठी चकतीमागे पात्याहून किंचित जाड पोलादी पाचर उभी करतात. वरचे झाकण व ही पाचर कामाला अडथळा वाटते म्हणून काढून ठेवली जाते. बोटे गमावण्याचे प्रसंग बहुधा अशाच गिरण्यांत घडतात. कारखान्यांविषयीचा कायदा ठरावीक संख्येहून कमी कामगार असलेल्या ठिकाणांना सरसकट लागू होत नाही, त्यामुळे लहान गिरणीत सुरक्षिततेची जबाबदारी व्यवहारात मालकावर व चालकावर पडते. चालकाने पात्याच्या रेषेत उभे राहू नये, सैल कपडे व हातमोजे घालू नयेत आणि शेवटचा तुकडा हाताऐवजी काठीने ढकलावा, हे नियम सर्वत्र सारखे आहेत.

लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगास कारणीभूत पदार्थांत केला असून नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी तिचा संबंध आहे. सिल्व्हर ओकच्या भुशाने काहींच्या त्वचेवर पुरळ व खाज उठते.

उपपदार्थ

सालीच्या पाठी सरपणाला व कुंपणाला जातात. भुसा विटभट्ट्यांत जाळला जातो. डबा ठासून भरून मधोमध भोक ठेवलेली भुशाची शेगडी घरोघरी गॅस येण्यापूर्वी सर्रास वापरात होती व पाणी तापवण्यासाठी आजही काही ठिकाणी पेटवली जाते. अंगणात चिखल होऊ नये म्हणून पावसाळ्यात भुसा पसरतात. गुरांच्या गोठ्यातही तो अंथरला जातो, मात्र तो कोरडा असावा लागतो.