घराची झडती

घरात चोर शिरला तर आरडाओरडा करता येतो. पाहुणा शिरला तर चहा-पोहे खायला घालून त्याला गाडीची वेळ विचारता येते. पण हातात बॅटरी, खिशात डायरी आणि गळ्यात ओळखपत्र अशा थाटात एखादा माणूस घराची तपासणी करायला आला, तर त्याच्याशी नेमकं कसं वागायचं हे मराठी मध्यमवर्गाला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला बसा म्हणावं, तर तो ओट्याखाली बसतो. पाणी देऊ का विचारावं, तर तो म्हणतो, "पाणी कुठं ठिबकतंय तेच बघतोय."

मी बँकेत कारकून आहे. तपासणी या शब्दाशी माझा वीस वर्षांचा घरोबा आहे. इन्स्पेक्शनची पार्टी येणार अशी नुसती कुणकुण लागली की आमच्या शाखेत जी हालचाल सुरू होते ती पाहून परक्या माणसाला वाटेल, लग्नघर आहे. एरवी जागेवरून न हलणारे लोक व्हाउचरं लावू लागतात. जे सापडत नाही ते सापडतं आणि जे सापडू नये ते दिसेनासं होतं. तेव्हा तपासणी म्हटल्यावर माणूस आधी लपवायला लागतो, हे मी वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने अधिकाराने सांगू शकतो. मात्र घराच्या तपासणीत लपवण्याची ही सवय आपल्याला का लागली, याचं उत्तर कॉमर्समध्ये नाही. ते इतिहासात आहे, आणि आम्हा पुणेकरांच्या तर अगदी घरातल्या इतिहासात आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एक रोगी तपासला आणि हा प्लेग आहे असं निदान केलं. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा भाग. धान्य तिथे उंदीर, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण तो उंदीर आणि हा रोग यांची सोयरीक अजून कुणी पक्की जुळवली नव्हती. प्लेगचा जंतू येर्सिनने हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच शोधला होता. म्हणजे प्रवासी सापडला होता, पण तो कुठल्या गाडीने प्रवास करतो हे माहीत नव्हतं. आणि गाडी माहीत नसली की आपल्याकडे सरसकट सगळ्यांचीच तिकिटं तपासतात.

त्यासाठी ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला. जेमतेम चार कलमांचा कायदा! आमच्या बँकेत साधं बचत खातं उघडायच्या फॉर्मावर याहून जास्त कलमं असतात. पण त्या चार कलमांत सरकारला वाटेल ते करण्याची मुभा होती. (२०२० साली करोना आला तेव्हा हाच कायदा कपाटातून बाहेर काढावा लागला. त्याला एवढ्या वर्षांत कसर कशी लागली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या रेकॉर्ड रूममधली लेजरं दहा वर्षं टिकत नाहीत.)

पुण्यात प्लेग आला आणि पाठोपाठ रँडसाहेब आले. १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या, त्या १९ मेपर्यंत. घरात कुणी आजारी आहे का, हे पाहायचं. असला तर त्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत न्यायचं. मग घर धुऊन, जंतुनाशकं मारून, संशयास्पद वाटेल ते सामान जाळून टाकायचं. कागदावर हे सगळं शिस्तीचं दिसतं. पण बूट घालून देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरल्याच्या, बायकांना उघड्यावर उभं करून तपासल्याच्या तक्रारींनी त्या वेळची वर्तमानपत्रं भरून गेली. लोकांनी काय करावं? लोकांनी रोगी लपवले. माळ्यावर लपवले, कोठीत लपवले, रातोरात गावाबाहेर हलवले. ज्या तपासणीने रोग उजेडात यायचा, तिच्याच भीतीने तो अंधारात गेला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचं आपण सगळे शाळेत शिकलो आहोत.

एक गोष्ट मात्र शाळेत तारखा पाठ करताना शेजारीशेजारी ठेवून कुणी दाखवली नाही. सोल्जरांची झडती सुरू होण्याआधी तीनच दिवस, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. त्या प्लेगनेच गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. रोगी शोधायला त्याही निघाल्या होत्या आणि सोल्जरही निघाले. पण त्यांच्यापासून कुणी आपलं माणूस कोठीत लपवल्याचं मी तरी वाचलेलं नाही. विनोदी लेखात यापेक्षा जास्त काही बोलू नये.

गंमत म्हणजे ज्याला शोधायला हवं होतं तो या सगळ्या गडबडीत भिंतीच्या कडेकडेने शेजारच्या घरात जात होता. एका घरात फिनेल ओतलं की उंदीर काय तिथे माफीनामा लिहीत बसणार आहे? तो बिऱ्हाड बदलतो, आणि अंगावरच्या पिसवांना बरोबर घेऊन जातो. १८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसूच हा रोग पसरवते. त्याच्या म्हणण्यावर बड्या लोकांनी विश्वास ठेवायला पुढची कित्येक वर्षं गेली. मोठ्या साहेबाची सही असल्याशिवाय पिसवेचंही कुणी ऐकत नाही.

ती सही पडली मुंबईत. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ पासून हाफकीनसाहेबांची प्लेग प्रयोगशाळा होती. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच. हाफकीन हे मोठे सरळ गृहस्थ. लस तयार झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. याच परळमध्ये १९०५ पासून प्लेग कमिशनने मुंबईतल्या प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवायला सुरुवात केली. काही मोकळे सोडले, काही पिंजऱ्यात जमिनीवर ठेवले, काही पिंजरे उंच टांगले. जमिनीवरचे आजारी पडले. जिथवर पिसूची उडी पोहोचत नाही तिथे टांगलेले वाचले. माझ्या मते घराची पहिली खरी तपासणी ही. बूट नाहीत, दंडुका नाही, आरडाओरडा नाही. नुसतं बघायचं: कोण कुठून येतो आणि कितपत उडी मारतो.

अर्थात आमच्या पणजीला यातलं निम्मं कमिशनशिवायच ठाऊक होतं. घरात उंदीर 'पडला', म्हणजे आढ्यावरून मरून खाली पडला, की गाव रिकामं करायचं आणि शेतात झोपड्या घालून राहायचं, हा त्या काळचा रिवाज होता. आजी हे सांगताना "पिलेगाच्या झोपड्या" असं म्हणायची आणि तिचा स्वर असा लागायचा, जणू काही कुटुंब सहलीला गेलं होतं. झोपडीत गेलेली माणसं किती आणि परत आलेली किती, हा हिशेब ती सांगत नसे. मीही विचारला नाही.

मुंबईने पुढे उंदरांशी रीतसर वैर धरलं. महापालिकेने रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारी माणसं पगारावर नेमली, मूषक संहारक या भारदस्त हुद्द्यावर. एका रात्रीत ३० उंदीर हा त्यांचा कोटा. आमच्या काउंटरवर कुणी असा कोटा लावला तर युनियन आकाशपाताळ एक करील.

पण उंदरांच्या हिशेबात माझ्यासारख्याला खरा आनंद मार्च २०१८ मध्ये मिळाला. मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याची नोंद एकनाथ खडसे यांनी विधानसभेत वाचून दाखवली. भागाकार केला तर दिवसाला ४५,६२८ उंदीर पडतात आणि वर पॉइंट सत्तावन्न उंदीर उरतो. मिनिटाला एकतीस-बत्तीस. म्हणजे महापालिकेचा संहारक रात्रभर राबून जे करतो ते इथे चहाचा घोट घेईपर्यंत उरकत होतं! नंतर खुलासा आला की तो आकडा मेलेल्या उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा होता. बरोबरच आहे. आपल्याकडे खर्ची काय पडलं याची नोंद चोख असते. साधलं काय, हा रकाना बहुधा फॉर्मात नसतोच.

डासांच्या बाबतीत तो रकाना काही वर्षं होता. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण ओळखल्याबद्दल पॉल म्यूलरना १९४८ चं नोबेल मिळालं, आणि १९५३ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय हिवताप कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी वर्षाला साडेसात कोटी माणसं हिवतापाने कुडकुडत होती. १९६५ पर्यंत हा आकडा लाखभरावर आला. मग सगळे जरा सैलावले, डासही निर्ढावले, आणि १९७६ मध्ये रोगी पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. फवारणीवाले पंप घेऊन यायचे आणि जाताना दारावर गेरूने तारीख घालून जायचे, हे लहानपणी मीही पाहिलं आहे. भिंतीवर पांढरे डाग पडतात म्हणून बायका पाठोपाठ भिंत सारवून काढत. औषध आत, सारवण वर, आणि डास निवांत. पुन्हा तेच! तपासणीवाला गेला रे गेला की त्याची खूण पुसायची.

एवढा इतिहास सांगण्याचं कारण म्हणजे परवा आमच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली आणि सोसायटीच्या ओळखीने पेस्ट कंट्रोलवाला पाहणीला आला. तो येणार हे कळताच आमच्या सौभाग्यवतींनी दोन दिवस घर घासून काढलं. चौकटीवरच्या मातीच्या नळ्या खरवडून तिथे ओलं फडकं मारलं. आला तो पंचविशीतला मुलगा. चौकट बघून हळहळला आणि म्हणाला, "काकू, नळ्या ठेवायच्या होत्या. कुठून येतात ते त्याच सांगतात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, स्टूल आहे का?" (त्याने काकूंना काकू म्हणावं हे ठीक. मला काका म्हणायची तशी घाई नव्हती.)

पण पोरगा कामाचा निघाला. पंप त्याने आणलाच नव्हता. आधी पाऊण तास नुसतं पाहिलं आणि विचारलं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चौकट खालपासून वरपर्यंत ठोकली. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक मला ऐकवला. वाळवीला ओल लागते, म्हणून मोरीची भिंत तपासली. फ्रिजच्या मोटरीजवळ ऊब असते, म्हणून झुरळं तिथे शोधली. गादीची शिवण उसवल्यागत न्याहाळली, कारण ढेकणाचे काळे ठिपके तिथे असतात. उंदराच्या लेंड्या ओल्या की वाळलेल्या, भिंतीकडेला अंग घासून पडलेला तेलकट पट्टा आहे का, पाइपाशेजारी करंगळी जाईल एवढं भोक आहे का, सगळं पाहिलं. मग विचारलं, "घरात लहान मूल, दम्याचं माणूस, मासे-मांजर?" कुठलं औषध वापरणार ते नावानिशी सांगितलं, डब्यावरचा रंगीत त्रिकोण कसा वाचायचा तेही सांगितलं: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. परवाना मी मागायच्या आत दाखवला. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे; त्याखाली हा परवाना लागतो आणि तो मागण्यात संकोच करण्याचं कारण नाही. न बघता, न विचारता जो दारातूनच फवारा सुरू करतो, तो रँडसाहेबाच्या घराण्यातला समजावा.

पुढे सौभाग्यवती आपण होऊन म्हणाल्या, "माळ्यावर पुस्तकांची एक पेटी आहे, तिच्यात बहुतेक कसर झालीय." वीस वर्षांच्या संसारात ही पेटी मला माहीत नव्हती. या पोराला तिने पाऊण तासात दाखवली. त्याने पेटी उघडली, नाक न मुरडता आत बॅटरी मारली, आणि डायरीत लिहिलं: "पुस्तके. ऊन द्यावे. फवारणी नको."