यंत्राच्या खोलीतून प्लेसमेंटच्या रांगेत

१९६३च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक आला. हे शिकून पोट कसे भरायचे, असे कुणी तेव्हा विचारले असते तर प्राध्यापकांनाही नेमके सांगता आले नसते. देशात संगणक मोजकेच, आणि ‘प्रोग्रॅमर’ ही नोकरी होणाऱ्या सासऱ्याला समजावून सांगावी लागावी अशी. अशा काळात करिअरचे मार्गदर्शन मिळत असेल, तर ते यंत्राच्या खोलीतच मिळत होते, असे माझे मत आहे. संगणकाचे तेव्हा देवघर होण्याची भीती होती: प्रोग्रॅम खिडकीतून आत सरकवायचा आणि प्रसादासारखे उत्तर येईपर्यंत बाहेर ताटकळायचे. कानपूरने विद्यार्थ्याला आत घेतले. व्ही. राजारामन, एच. एन. महाबला हे शिक्षक त्या वेळी शास्त्रही शिकवत होते आणि त्याचा अभ्यासक्रमही घडवत होते. मुलगा कशात रमतो, कुठे कंटाळतो, हे त्यांना वेगळी चाचणी न घेता दिसे.

या मार्गदर्शनाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नारायण मूर्तींनी स्वतःच सांगितले आहे. १९६८ साली कानपूरला शिकत असताना, एका रविवारी न्याहारीच्या वेळी, अमेरिकेतून आलेल्या एका संगणकशास्त्रज्ञाचे बोलणे त्यांनी ऐकले. त्याने सुचवलेले चार-पाच शोधनिबंध त्याच दिवशी ग्रंथालयात वाचले आणि दिशा ठरवली. पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्रा. कृष्णय्यांच्या हाताखाली काम, मग कृष्णय्यांच्याच पुण्यातल्या संस्थेत, आणि १९८१ साली पुण्यातच इन्फोसिस. ही नुसती योगायोगाची कथा आहे, असे कुणी म्हणेल. न्याहारी योगायोगाची होती हे खरेच. पण पाहुणा तिथे होता तो नऊ अमेरिकी विद्यापीठांशी झालेल्या सहकार्याच्या काळात, आणि ग्रंथालयात ते निबंध होते. योगायोगाला बसायला पाट आधीच मांडलेला होता.

खरा आक्षेप वेगळा आहे: ही सगळी मूठभरांची गोष्ट. तो मला मान्य आहे, आणि राजारामन यांनाही तो दिसत असावा. बाहेरच्यांसाठी छोटे अभ्यासवर्ग, परवडणाऱ्या किमतीची पाठ्यपुस्तके, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेला एमसीएचा अभ्यासक्रम, ही सगळी दार रुंद करण्याचीच कामे होती. अभियंता नसलेल्या पदवीधरालाही त्यामुळे या क्षेत्रात वाट मिळाली. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि दाराची भिंतच पडली. विद्यार्थी भराभर वाढले. शिक्षक मात्र तितके येणार कुठून? जो शिकवू शकत होता, त्याला कंपनी कितीतरी जास्त पगार देत होती. पुस्तक हजारांपर्यंत पोचते. पण ‘तू हे सोड, ते वाच’ असे सांगायला त्या मुलाला ओळखणारा माणूस लागतो.

ती पोकळी कॅम्पस प्लेसमेंटने भरली. तिची बाजू दुबळी नाही. कुणाची ओळख नाही, वशिला नाही, अशा सांगलीच्या किंवा जळगावच्या मुलाला गणित आणि तर्काच्या एका पेपरावर मोठ्या कंपनीत जागा मिळते. जुन्या व्यवस्थेत तो प्राध्यापकांच्या नजरेत भरला नसता तर तिथेच संपला असता. हा न्याय मोठाच. पण ‘कॅम्पसमध्ये लागला’ या शब्दांत कुठे लागला, कितीच्या पॅकेजवर, एवढेच येते. कशात लागला, हे येत नाही, कारण कंपनीलाही ते विचारायचे नसते. ती सिव्हिलचा मुलगा घेते, मेकॅनिकलचाही घेते, आणि आपल्या प्रशिक्षण केंद्रात पुन्हा पहिल्यापासून शिकवते. त्यामुळे कॉलेजातले मार्गदर्शन हळूहळू त्या पेपराची तयारी होऊन बसले; टीपीओंना, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना, दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडे आकडाच मागितला जातो. जावा की मेनफ्रेम, टेस्टिंग की सपोर्ट, हे मग प्रशिक्षण संपल्यावर ठरते, आणि तेही बहुधा त्या महिन्यात कोणत्या प्रोजेक्टला माणसे कमी आहेत यावरून.