हिरव्या डोंगराच्या पोटात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी लेक वेल्समध्ये, कार्डिफला असते. तिच्याकडे गेलो असताना एका सकाळी दहा वर्षांच्या नातवाने जाहीर केले, "नाना, आज खजिना शोधायला जायचं!"

हा खजिना म्हणजे साधी डबी. कुणीतरी ती रानात लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवतो. इतरांनी उपग्रहाच्या मदतीने ती हुडकायची, आतल्या कागदावर नाव लिहायचे आणि होती तिथे परत ठेवायची. जिओकॅशिंग म्हणतात याला. जीपीएसच्या नागरी संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या आरंभी काढून टाकली आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगनच्या रानात पहिली बादली ठेवली. तेव्हापासूनचा हा खेळ.

आम्ही मर्थिर टिडफिलहून टॅफ नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला चालू लागलो. नदीपलीकडच्या अंगाला १८०४ साली रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने रुळांवरून दहा टन लोखंड ओढून नेले होते. आम्ही शाळेत घोकला तो स्टीव्हन्सन! एकेकाळी हे खोरे लोखंडाच्या भट्ट्या आणि कोळशाच्या खाणींनी काळवंडलेले होते. आता आमची पायवाट उखडलेल्या रेल्वेच्या जागेवरून जाते, दोन्ही बाजूंना झाडी. पाहुण्याला वाटावे, हे असेच होते.

ॲबरफॅनच्या जवळ डबी सापडली, एका झाडाच्या मुळाशी. नातवाच्या आग्रहाने मी देवनागरीत सही केली. मान वर केली तर उतारावर पांढऱ्या कमानींच्या रांगा दिसल्या. लेक म्हणाली, "अब्बा, ती मुलांची कबरस्तानं."

गावाच्या डोक्यावर, डोंगरावर, मर्थिर व्हेल खाणीतला टाकाऊ दगड-चुरा वर्षानुवर्षे टाकला जाई. असे सात ढीग. सातवा १९५८ साली सुरू झाला, तोही झऱ्यांवर. शाळेच्या मागे ओला चुरा टाकणे धोक्याचे आहे, असे स्थानिक नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ मध्येच लिहून कळवले होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, सव्वानऊच्या सुमारास, सहामाही सुटीच्या आदल्या दिवशी तो ढीग सुटला आणि पँटग्लास शाळेवर व शेजारच्या घरांवर कोसळला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले. चौकशी मंडळाने १९६७ मध्ये दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला.

इथवर पुष्कळांना ठाऊक असते. पुढचे मला तिथेच कळले. उरलेले ढीग हलवा, अशी गावकऱ्यांची मागणी होती. ज्यांची मुले गेली त्यांना ते काळे डोंगर खिडकीतून रोज दिसत होते. सरकारने ती मान्य केली, पण जगभरातून लोकांनी पाठवलेल्या मदतनिधीतून १९६८ मध्ये दीड लाख पौंड काढून घेऊन. ज्यांची मुले गेली, त्यांच्याच झोळीतून मलबा उपसण्याची मजुरी! ती रक्कम १९९७ मध्ये परत केली गेली, तेवढीच, व्याज न धरता. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने तिथल्या दोन धर्मादाय निधींना मिळून वीस लाख पौंड दिले. खाण १९८९ मध्येच बंद झाली होती. डोंगर मात्र हिरवागार झाला, नि तो हिरवा करायला कुणाचे पैसे गेले, हे डोंगराकडे पाहून कळत नाही.

आम्ही खाली गेलो. नातू वयांचे आकडे वाचत कमानींमधून फिरत राहिला, एके ठिकाणी थांबला, काही बोलला नाही. मी फातिहा पढलो. दुसऱ्याच्या कबरस्तानात पढावे की नाही, हे मौलवींना विचारायला मी थांबलो नाही.

परतीच्या गाडीत तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होता. मी विचारले, काय चालले आहे.

"एकोणतीस वर्षं," तो म्हणाला. "अडुसष्टपासून सत्त्याण्णवपर्यंत. नाना, एकोणतीस वर्षांचं व्याज किती होतं?"