समशोधन आणि ताळा : एकवर्ण समीकरणाच्या परिभाषेविषयी एक टिपण

गणिताच्या परिभाषेकडे भाषाभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. परिभाषेतील शब्द हे केवळ संकेत होत, ते बदलले तरी क्रिया बदलत नाही, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. समीकरण सोडविण्याच्या शिक्षणाला हे गृहीत कितपत लागू पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी बीड जिल्ह्यातील वडवणीचा परिसर उदाहरणादाखल घेतला आहे. कारण या भूमीवरून गणिताच्या तीन परिभाषा गेल्या आहेत.

पहिली परिभाषा संस्कृत. हा प्रदेश यादवांच्या राज्यात असताना खानदेशातील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. शके ११२८ च्या तेथील शिलालेखात त्याचा उल्लेख असून, मठाच्या उत्पन्नाचा तपशील देणारा अखेरचा भाग मराठीत आहे. शास्त्र संस्कृतात आणि देणेघेणे मराठीत, अशी ती विभागणी होती.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०) एकवर्ण समीकरणाचे एक उदाहरण आहे. एकाजवळ ६ घोडे व रोख ३०० आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे असून १०० चे ऋण आहे. दोघांचे धन समान, तर घोड्याची किंमत काय? अव्यक्ताला 'यावत्तावत्' म्हणून त्याचे आद्याक्षर 'या' लिहावयाचे, व्यक्त संख्येपुढे 'रू' लिहावयाचे, आणि दोन पक्ष एकाखाली एक मांडावयाचे. नंतर समशोधन : दोन्ही पक्षांतून सारखेच वजा करणे. १० मधून ६ गेले, ४ राहिले. ३०० मधून ऋण १०० वजा केले, ४०० झाले. ४०० ला ४ ने भागून उत्तर १००. येथे 'समशोधन' या शब्दातच क्रियेचे कारण आहे. जे एका पक्षातून काढले तेच दुसऱ्यातून काढले, म्हणून समता टिकली.

दुसरी परिभाषा उर्दू. १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे वरच्या शिक्षणाचे प्रमुख माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही तेच माध्यम स्वीकारले. या परिभाषेत समीकरण म्हणजे 'मसावात' आणि बीजगणित म्हणजे 'जब्र व मुकाबला'. ही संज्ञा नवव्या शतकातील अल्-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथापासूनची आहे. जब्र म्हणजे सांधणे. अरबीत मोडलेले हाड बसविण्यालाही हाच शब्द आहे. पक्षातील उणी राशी दोन्हीकडे मिळवून भरून काढणे हा जब्र, आणि दोन्हीकडील समान राशी समोरासमोर ठेवून उडविणे हा मुकाबला. शब्द परका असला तरी कारण येथेही शब्दातच आहे.

तिसरी परिभाषा विद्यमान शालेय मराठीची : 'एकचल समीकरण', 'रेषीय समीकरण', 'डावी बाजू', 'उजवी बाजू'. हे शब्द सुबोध आहेत, याविषयी वाद नाही. 'रेषीय' हा शब्द तर समीकरणाचा आलेख सरळ रेषा असतो, हे नवे ज्ञानही सांगतो. परंतु सोडविण्याच्या क्रियेला मात्र नाव उरले नाही. तिच्या जागी 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हा पाठ केलेला नियम आला. नियम खरा आहे, पण त्यात कारण नाही. म्हणूनच ४य = ४०० येथेही विद्यार्थी ४ चे चिन्ह बदलून तो पलीकडे नेतो आणि ३९६ हे उत्तर आणतो. दोन्ही बाजूंना ४ ने भागावयाचे, हे त्याला कोणत्याच शब्दाने सांगितलेले नसते.

या उणिवेचे मोल वडवणीसारख्या भागात अधिक आहे. येथील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुले सोबत गेली, तर वर्षातील मोठा काळ शाळेविना जातो. पाठ केलेला नियम विसरला की तो पुन्हा सांगणारा तेथे कोणी नसतो. समजलेले कारण मात्र बरोबर राहते. मुकादमाची उचल आणि तिची फेड घरी रोज ऐकणाऱ्या मुलाला ऋण राशी म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. भास्कराचार्यांच्या उदाहरणातील दुसरा मनुष्य त्याच्या ओळखीचा आहे.

अशा मुलाला आणखी एक जुना मराठी शब्द उपयोगी पडेल : ताळा. आलेले उत्तर मूळ उदाहरणात घालून पाहावे. १०० दराने ६ घोड्यांचे ६०० व रोख ३००, एकूण ९००. १० घोड्यांचे १००० वजा ऋण १००, तेही ९००. ताळा जमला. ३९६ चा जमणार नाही, आणि चूक शोधण्यासाठी गुरुजींची वाट पाहावी लागणार नाही. पाठ्यपुस्तकांच्या परिभाषेचा पुनर्विचार होईल तेव्हा 'समशोधन' हा शब्द, निदान त्यातील अर्थ, पुन्हा वर्गात यावा. आणि प्रत्येक उदाहरणाच्या अखेरीस ताळ्याची ओळ असावी, एवढीच या टिपणाची सूचना आहे.