स्पिनोझा : भिंगे घासणारा तत्त्वज्ञ

मागच्या भागात आपण देकार्तची ओळख करून घेतली. आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे, त्याने देकार्तकडून गणिती शिस्त घेतली आणि जिथे देकार्त जपून थांबला होता, त्या धर्मग्रंथ आणि राज्यसत्ता यांच्या दारापर्यंत ती नेली. त्याचे नाव बारूख स्पिनोझा.

स्पिनोझाचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये झाला. घराणे पोर्तुगीज ज्यूंचे. पोर्तुगालमध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते आणि चोरून जुना धर्म पाळणाऱ्यांमागे इन्क्विझिशनचा ससेमिरा लागत असे. याच पोर्तुगीज इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० मध्ये गोव्यातही आले, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथून निसटलेल्या अनेक कुटुंबांना हॉलंडमध्ये आसरा मिळाला.

आता गंमत पाहा. छळातून सुटून आलेल्या याच समाजाने २७ जुलै १६५६ रोजी स्पिनोझाला बहिष्कृत केले. तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता आणि त्याचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नव्हते. आदेश असा की कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याच्याबरोबर एका छपराखाली राहू नये, त्याने लिहिलेले वाचू नये. वडिलांच्या मागे तो भावाबरोबर घरचा व्यापार पाहत होता, तोही सुटला. त्याची नेमकी कोणती मते पाखंडी होती, ते आदेशात सांगितलेले नाही. एवढे मात्र समजते की परक्या देशात आश्रयाला आलेल्या समाजाला आपल्यातला बंडखोर परवडत नाही. यजमानांची मर्जी राखायची असते.

स्पिनोझाने माफी मागितली नाही आणि तो ख्रिस्तीही झाला नाही. बारूख म्हणजे 'आशीर्वाद लाभलेला'. त्याच अर्थाचे बेनेडिक्टस हे लॅटिन नाव तो वापरू लागला. पोटासाठी त्याने दुर्बिणीची आणि सूक्ष्मदर्शकाची भिंगे घासण्याचे काम पत्करले. हॉयगेन्ससारखा शास्त्रज्ञ त्याच्या भिंगांची वाखाणणी करीत असे.

त्याचा मुख्य ग्रंथ 'एथिक्स'. भूमितीच्या पुस्तकासारखी त्याची मांडणी आहे : व्याख्या, गृहीतके, प्रमेये, सिद्धता. स्पिनोझा म्हणतो, जगाच्या बाहेर बसून जग चालवणारा ईश्वर नाही. जे आहे ते एकच अनंत तत्त्व. त्याला ईश्वर म्हणा किंवा निसर्ग म्हणा. हे ऐकून आपल्याला साहजिकच अद्वैत आठवते. साम्य आहे, पण फरकही मोठा आहे. स्पिनोझाच्या लेखी जग ही माया नाही. झाड, दगड, आपला राग, आपले प्रेम, सारे खरे आहे आणि सारे नियमांनी बांधलेले आहे. ईश्वराला ओळखायचे तर ते नियमच समजून घ्यायला हवेत.

मग माणूस स्वतंत्र कसा? एका पत्रात त्याने दाखला दिला आहे. भिरकावलेल्या दगडाला भान आले, तर आपण स्वेच्छेने उडतो आहोत असेच त्याला वाटेल. आपलेही तसेच : इच्छा जाणवते, तिची कारणे दिसत नाहीत. ती कारणे जितकी उमगतील, तितके आपण भावनांच्या दास्यातून सुटतो. स्पिनोझाचे स्वातंत्र्य ते हेच.

१६७० मध्ये त्याने धर्म आणि राजकारण यांवरचा ग्रंथ निनावी छापला; प्रकाशनस्थळसुद्धा खोटे घातले. त्यात त्याने बायबल इतर जुन्या ग्रंथांप्रमाणे इतिहासाच्या नजरेने तपासले. राज्यसत्तेविषयीचा युक्तिवाद साधा आहे. सत्ता माणसाच्या कृतीवर हुकूम चालवू शकते, विचारावर नाही. मतांवर बंदी घातली, तर लबाड माणसे मुकाट माना डोलावतात आणि शिक्षा होते ती प्रामाणिकांना. म्हणून विचारस्वातंत्र्याने राज्य खिळखिळे होत नाही. ते दडपल्याने होते.

याची किंमत त्याने डोळ्यांनी पाहिली. २० ऑगस्ट १६७२ रोजी हेगमध्ये जमावाने योहान द विट या उदारमतवादी नेत्याला भावासह ठार केले. त्या रात्री निषेधाचा फलक घेऊन बाहेर पडायला निघालेल्या स्पिनोझाला घरमालकाने कोंडून ठेवले, असे लायब्नित्झने नोंदवले आहे. पुढच्या वर्षी हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद देऊ केले; अट इतकीच की प्रस्थापित धर्माला धक्का लावू नये. ही मर्यादा नेमकी कुठे येते ते आपल्याला कळत नाही, असे नम्रपणे कळवून त्याने नकार दिला.

स्पिनोझालाही मर्यादा होत्या. लोकशाहीचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने आपल्या शेवटच्या, अपूर्ण ग्रंथात स्त्रियांना आणि नोकरांना राजकीय हक्कांबाहेर ठेवले. आदराने वाचतानाही हे नजरेआड करता कामा नये.

२१ फेब्रुवारी १६७७ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, फुप्फुसांच्या विकाराने तो गेला. 'एथिक्स'चे हस्तलिखित त्याच्या मेजात होते. मित्रांनी त्याच वर्षी ते छापले. पुढच्या वर्षी त्यावर बंदी आली. बंदी घालणाऱ्यांची नावे आज अभ्यासकांनाच ठाऊक असतात. पुस्तक मात्र आपण आजही वाचतो आहोत.

पुढच्या भागात लायब्नित्झ.