सातबाऱ्याचे संगणकीकरण आणि तळा तालुका

सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचे एकत्र पत्रक. सातमध्ये भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार आणि इतर अधिकार असतात. बारामध्ये त्या जमिनीतील पिके. खरेदीखत, पीककर्ज, वारसनोंद, नुकसानभरपाई यांतले काहीही या कागदाशिवाय पुढे सरकत नाही. तलाठ्याच्या वहीतील हा कागद संगणकावर आणण्याची योजना 1988-89 मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 मध्ये मिळू लागला. मधल्या तीस वर्षांत सॉफ्टवेअर लिहिणारे, ते वापरणारे तलाठी आणि उताऱ्यासाठी ताटकळणारे खातेदार, तिघांनाही मनस्ताप झाला. त्याची कारणे यंत्रापेक्षा नोंदींच्या इतिहासात अधिक आहेत. रायगड जिल्ह्यातील तळ्यासारख्या डोंगराळ तालुक्याच्या संदर्भात ती स्पष्ट दिसतात.

मुंबई-गोवा महामार्गावरील इंदापूरहून पश्चिमेला वळले की तळे हे तालुक्याचे गाव लागते. गावावर तळगड उभा आहे. 1665 च्या पुरंदरच्या तहानंतर शिवाजी महाराजांकडे राहिलेल्या बारा किल्ल्यांत त्याची गणना होते. 1818 मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे तळे कुलाबा जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यात होते. जिल्ह्याचे नाव 1981 मध्ये रायगड झाले आणि 1999 मध्ये तळा हा स्वतंत्र तालुका झाला. नवा तालुका म्हणजे नवे तहसील कार्यालय आणि नवे दप्तर. संगणकाच्या नोंदींत गावांचा तालुकाही बदलायचा.

आजच्या नोंदींचा पाया इंग्रजी मोजणीत आहे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणी व आकारणीची जी पद्धत बसवली, तीच 1847 च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यात रूढ झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. तेहतीस फूट लांब आणि तेवढेच रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हे माप त्याच व्यवस्थेने पक्के केले. मात्र या मोजणीला सारा कोण भरतो एवढेच हवे होते. मालकी कोणाची, हा तिचा प्रश्न नव्हता. हक्कांची नोंद 1903 च्या कायद्याने आली आणि 1913 मध्ये ती जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाली. पुढे अँडरसन यांच्या महसुली हिशेबाच्या मार्गदर्शिकेने गाव नमुन्यांना ठरीव रूप दिले. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 लागू झाली आणि हक्काचा प्रत्येक बदल नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, घेण्याची पद्धत तिने पुढे चालवली.

कोकणात या नोंदी विशेष गुंतागुंतीच्या झाल्या. खोतीत जमिनीचा सारा खोत भरत असे आणि ती कसत असे कूळ. 1949 च्या कायद्याने खोती संपली. कूळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कसणाऱ्या कुळाला मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. पण अनेक उताऱ्यांवर कुळांची नावे ‘इतर अधिकार’ या रकान्यातच राहिली. भातखाचरे लहान, वरकस जमीन डोंगरउतारावर आणि पिढ्यान्पिढ्यांच्या वाटण्या तोंडी. कमावती माणसे मुंबईला गेली. मूळ पुरुष वारला तरी वारसनोंद घालायला कोणी आले नाही. त्यामुळे एका हिस्सा नंबरावर सामाईकात अनेक नावे चढत गेली. कमी झालेले नाव कंसात टाकायचे, नवे त्याखाली लिहायचे, शेजारी फेरफार क्रमांक द्यायचा, ही तलाठ्याची रीत होती. वही फाटली की पुनर्लेखन होई आणि एखादे नाव किंवा कंस गळून जाई. तलाठ्याला गावाची माहिती असल्याने अशी चूक चालून जात असे. संगणकाला ती माहिती नव्हती.

केंद्र सरकारने 1988-89 मध्ये भूमिअभिलेख संगणकीकरणाची योजना देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. पुढे राज्यभर हे तांत्रिक काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रोग्रामरांकडे आले.

त्यांची पहिली अडचण लिपीची होती. देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक 1986 मध्ये आला होता. भारतीय लिप्या संगणकावर आणणारे, आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेले जिस्ट तंत्र 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. अक्षरांच्या संकेतांचे इस्की हे भारतीय मानक 1991 मध्ये सुधारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोड सर्वत्र रुळेपर्यंत मराठीसाठी वेगवेगळे फॉन्ट आणि वेगवेगळे संकेत वापरात होते. एका संगणकावर नीट दिसणारे नाव दुसऱ्यावर अगम्य चिन्हांत उमटे, आणि प्रणाली बदलली की जुना मजकूर नव्या संकेतांत उतरवून पुन्हा तपासावा लागे.

दुसरी अडचण हिशेबाची होती. एक गुंठा म्हणजे सुमारे 101.17 चौरस मीटर. एकर-गुंठ्यांतला प्रत्येक लहान हिस्सा हेक्टर-आरमध्ये वेगळा बदलला, तर दशांश चिन्हानंतरचे आकडे कापले जातात आणि त्यांची बेरीज मूळ नंबराच्या क्षेत्राशी जुळत नाही. वहीत हा फरक कोणाच्या लक्षात येत नसे. संगणकाने तो उघडा पाडला. एकाच व्यक्तीचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असेल, तर नमुना आठ-अमध्ये, म्हणजे खात्यांच्या नोंदवहीत, तिची तीन खाती तयार होत.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि कायद्याची होती. इतर कोणत्याही प्रणालीत चूक दिसली की प्रोग्रामर ती दुरुस्त करतो. सातबाऱ्यातील नाव किंवा क्षेत्र हा मात्र कोणाचा तरी हक्क असतो. लेखनप्रमाद दुरुस्त करायलाही संहितेच्या कलम 155 खाली आदेश लागतो. नव्या फेरफाराला नोटीस, हरकतीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण लागते. चूक समोर दिसत असूनही तिला हात लावता येत नाही, अशी ही स्थिती होती. ती त्रासदायक असली तरी योग्यच होती, कारण एका कळीसरशी कोणाचे शेत जाता कामा नये.

खर्चातही अडचण यंत्रांपेक्षा नोंदी तपासण्याचीच अधिक होती. 2008 मध्ये राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. 2016 पासून तो पूर्णपणे केंद्राच्या निधीतून, डिजिटल इंडियाच्या नावाने चालू लागला. अशा योजनांत संगणक, सर्व्हर आणि इमारती यांचा खर्च मोजणे सोपे असते. वहीतील ओळ न् ओळ वाचून संगणकातील नोंदीशी ताडून पाहणाऱ्या माणसाचा वेळ अंदाजपत्रकात सहज बसत नाही. यंत्रांचा प्रश्नही पूर्ण सुटला नाही; तलाठी संघटनांनी लॅपटॉप, प्रिंटर आणि सर्व्हरचा वेग यांसाठी आंदोलने केली.

फेरफार ऑनलाइन घेणारी ई-फेरफार प्रणाली सुरू झाल्यावर नोंदींतील दोष एकत्रितपणे समोर आले. म्हणून आधी एडिट आणि मग रि-एडिट अशा दोन फेऱ्यांत सातबारे पुन्हा तपासले गेले. विसंगतींचे क्रमवार अहवाल निघाले. क्षेत्राची बेरीज न जुळणे हा त्यांतला ठळक दोष. 2017 मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले. संगणकातील नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि हरकती लिहून घ्यायच्या, ही जुनी महसुली रीत नव्या कामी आली. त्यानंतर 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात उपलब्ध झाला. तो कोठूनही घेता येऊ लागला. मुंबईत राहून गावची जमीन सांभाळणाऱ्या तळ्याच्या चाकरमान्यांसाठी ही मोठी सोय ठरली. 2020 मध्ये उताऱ्याचा नमुना सुधारला गेला आणि कमी झालेले नाव कंसाऐवजी आडव्या रेषेने खोडलेले दिसू लागले.

ही व्यवस्था विजेवर आणि जोडणीवर किती अवलंबून आहे, ते 3 जून 2020 रोजी कळले. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागात वीज व मोबाइल सेवा कोलमडली. घरे, आंबा, सुपारी यांच्या नुकसानीचे पंचनामे आणि भरपाईची कागदपत्रे गोळा करण्याच्या नेमक्या वेळी हे घडले. पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 2021 पासून, ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. नमुना बाराची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, शेतात उभे राहून करायची. डोंगरकपारीतल्या वाड्यांवर नेटवर्क मिळणे आणि वयस्क खातेदाराच्या हाती स्मार्टफोन असणे, या दोन्ही गोष्टी तेथे गृहीत धरता येत नाहीत.

2025 मध्ये राज्य सरकारने जिवंत सातबारा मोहीम हाती घेतली. तिचा उद्देश मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचा आहे. कोकणातील नोंदींचे मूळ दुखणे हेच होते आणि ते सॉफ्टवेअरने बरे होणारे नाही. त्यासाठी वारसांनी एकत्र येऊन अर्ज द्यावा लागतो आणि महसूल यंत्रणेने वेळेत चौकशी करून नोंद प्रमाणित करावी लागते. सातबाऱ्याच्या संगणकीकरणात यंत्रे घेतली तेव्हा नव्हे, तर नोंदी माणसांनी वाचल्या आणि गावाने ऐकल्या तेव्हा काम पुढे सरकले. यापुढच्या निधीतही नोंदी तपासणाऱ्या माणसांसाठी तरतूद असली, तरच तळ्यासारख्या तालुक्यांतील उतारे खरे आणि पूर्ण होतील.