एस् अक्षराचे पाहुणे

इंग्रजी शब्दकोशांतील एस् अक्षराचीं पानें चाळीत गेल्यास आखूड शब्दांचा एक लहानसा थवा नजरेस पडतो. स्काय म्हणजे आकाश, स्किन म्हणजे कातडी, स्किल म्हणजे कौशल्य, स्कर्ट म्हणजे घागरा. शाळेंतल्या मुलालाहि हे शब्द पाठ असतात. इतके कीं, ते इंग्रजांचे मूळचे नव्हत असें सांगितल्यास चटकन् विश्वास बसत नाहीं. परंतु हे सारे समुद्रापलीकडून आलेले पाहुणे आहेत. आणि ज्यांनीं ते आणले, ते प्रथम आले ते हातांत तरवार घेऊन.

इ. स. ७९३ मध्यें इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्नचा मठ उत्तरेकडील व्हायकिंग लोकांनीं लुटला. पुढें त्यांच्या स्वाऱ्या वारंवार होऊं लागल्या. ८६५ मध्यें त्यांचें मोठें सैन्य उतरलें. तें लूट घेऊन परतण्यासाठीं नव्हे, तर राज्यें जिंकण्यासाठीं. दोन वर्षांच्या आंत यॉर्क शहर त्यांच्या हातीं पडलें. ८७८ मध्यें वेसेक्सचा राजा आल्फ्रेड यानें एडिंग्टनच्या लढाईंत त्यांचा नायक गुथ्रम याचा पराभव केला. तरी उत्तर व पूर्व इंग्लंडचा मोठा भाग त्यांच्याचकडे राहिला. डेन लोकांचा कायदा जेथें चालतो तो मुलूख, या अर्थानें त्यास ‘डेनलॉ’ असें नांव मिळालें.

या मुलखांत कालचा लुटारू शेतकरी झाला. शेजार घडला, सोयरिकी जुळल्या. दोघांच्याहि भाषा एकाच जर्मानिक कुळांतल्या असल्यामुळें एकाचें बोलणें दुसऱ्यास बरेंचसें समजत असावें. मात्र एका उच्चारांत ठळक भेद होता. जुन्या ‘स्क’चा इंग्रजांच्या तोंडीं ‘श’ झाला होता. शिप, शू, शाइन, फिश हे शब्द त्याची साक्ष देतात. उत्तरेकडील पाहुण्यांनीं ‘स्क’ तसाच राखला. म्हणून एखाद्या साध्या, घरगुती इंग्रजी शब्दाच्या आरंभीं ‘स्क’ दिसला कीं भाषाशास्त्रज्ञ त्याचें मूळ बहुधा नॉर्स भाषेंत शोधूं लागतो.

शर्ट आणि स्कर्ट ही जोडी याचें उत्तम उदाहरण होय. दोन्ही शब्द मूळचे एकच, व त्याचा अर्थ आंखूड वस्त्र. इंग्रजी घरांतला तो शर्ट झाला, डेन घरांतला स्कर्ट. एकाच अर्थाला दोन शब्द कशाला, म्हणून भाषेनें कोणासहि हांकलून दिलें नाहीं. एकाला कमरेवरची जागा दिली, दुसऱ्याला खालची.

अशीच वांटणी इतरत्रहि झाली. इंग्रजांचा ‘हेवन’ हा शब्द आकाश व स्वर्ग या दोहोंसहि पुरत असे. नॉर्स भाषेंत ‘स्काय’चा मूळ अर्थ ढग. तो शब्द हळूहळू सर्व आकाश व्यापून बसला आणि हेवनकडे मुख्यतः स्वर्गच उरला. स्किन म्हणजे मूळ जनावराचें सोललेलें कातडें. तो शब्द माणसाच्या अंगावर आला आणि इंग्रजांचा जुना ‘हाइड’ जनावरांकडे गेला. स्किलचा पहिला अर्थ विवेक, म्हणजे भेद ओळखण्याची बुद्धि. हातांतील कौशल्य हा अर्थ मागाहून आला. स्कोर म्हणजे काठीवर पाडलेली खांच. तिच्यावरून वीस हा अर्थ आला, आपल्या व्यापाऱ्यांच्या कोडीसारखा. खेळांतील गुणांनाहि आज तोच शब्द लागतो.

सर्वांत नवल सिस्टर या शब्दाचें. जुन्या इंग्रजीत बहिणीला ‘स्वेओस्टोर’ म्हणत. संस्कृतांतील ‘स्वसृ’ शब्दाचा तो दूरचा आप्त. पण आजचें रूप घडलें तें नॉर्स ‘सिस्टिर’च्या वळणावर. बहिणीला हांक मारण्याची तऱ्हा शत्रूकडून कोणी शिकत नाहीं. ती शिकावी लागते एकाच घरांत राहून.

१०६६ मध्यें नॉर्मन आले. त्यांनीं आणलेल्या फ्रेंच शब्दांची संख्या फार मोठी; परंतु कोर्ट, जज्ज, प्रिझन अशा शब्दांवर अधिकाऱ्याची मुद्रा स्पष्ट उमटलेली आहे. नॉर्मन गादीवर बसला. डेन शेजारच्या वावरांत नांगर धरून उभा राहिला. म्हणूनच त्याचे शब्द कातडीसारखे अंगाला चिकटले.

९५४ मध्यें यॉर्कचा शेवटचा नॉर्स राजा एरिक याची सत्ता संपली. ग्रंथलेखनाची भाषा दक्षिणेकडची असल्यामुळें यांतील बहुतेक शब्द त्यानंतरहि दीर्घकाळ लेखणीला अस्पृश्यच राहिले. बाराव्या-तेराव्या शतकांत ते लेखांतून दिसूं लागतात. तोंवर त्यांना कोणा राजाचा आश्रय नव्हता, कोणा पंडिताची शिफारस नव्हती. त्यांना जतन केलें तें चुलीपुढें व शेताच्या बांधावर बोलणाऱ्या माणसांनीं. तरवारीनें मिळविलेलें राज्य दोन शतकेंहि टिकलें नाहीं. शेजारानें दिलेले शब्द हजार वर्षें टिकले आहेत.